देव आधी की ग्रह आधी?

प्रश्न : एका व्याख्यानात ऐकलं की सगळ्या प्राचीन धर्मांतले देव म्हणजे मुळात ग्रहच. कधीकाळी हे ग्रह पृथ्वीच्या अगदी जवळ आले, माणसं घाबरली आणि त्या भीतीतून पूजा, पुराणं, धर्म जन्माला आले. यात तथ्य किती?

उत्तर : ग्रह जवळ आल्याची कल्पना इमॅन्युएल वेलिकोव्स्की या लेखकाने १९५० साली आपल्या पुस्तकातून गाजवली. शुक्र गुरूमधून बाहेर पडला आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी धूमकेतूसारखा पृथ्वीजवळून गेला, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात असताना मी ते वाचलं आणि कित्येक महिने त्याच धुंदीत होते. त्यातून बाहेर पडले ती शुक्राकडे रोज बघायला लागल्यावर.

माझ्या वहीत २०१७ च्या मार्चच्या नोंदी आहेत. संध्याकाळी पश्चिमेला झळझळणारा शुक्र रोज थोडा थोडा खाली येत संधिप्रकाशात हरवला आणि नंतर पहाटे पूर्वेला उगवू लागला. तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून गेला ती तारीख २५ मार्च. त्याच वहीत पुढे २०२५ चं पान आहे. तसंच उतरणं, तसंच पहाटे परतणं, आणि तारीख २३ मार्च. आठ वर्षांना दोन दिवस कमी.

हाच आठ वर्षांचा ठेका आजच्या इराकमधल्या प्राचीन बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर आहे. अम्मीसदूका राजाच्या काळातल्या शुक्राच्या २१ वर्षांच्या नोंदी त्यांत आहेत. आपल्यापर्यंत पोचल्या त्या नंतर केलेल्या नकला, निनवे या त्याच प्रदेशातल्या प्राचीन शहराच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या. अमुक महिन्यात अमुक दिवशी शुक्र पश्चिमेला मावळला, इतके दिवस दिसला नाही, मग पूर्वेला उगवला. आणि पुढे लगेच शकुन, की पाऊस पडेल, किंवा राजे एकमेकांना सलोख्याचे निरोप पाठवतील. हा राजा साडेतीन हजार वर्षांहून जुना. म्हणजे वेलिकोव्स्कींचा शुक्र ज्या काळात आकाशात भरकटत असायला हवा, त्याच काळात खरा शुक्र शहाण्यासारखा आपल्या वाटेने चालला होता. माझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटला.

आता देव म्हणजे ग्रहच का? एका देवतेपुरतं तुमच्या वक्त्यांचं म्हणणं बऱ्यापैकी टिकतं. त्याच प्रदेशातल्या उरुक शहरातल्या अगदी आरंभीच्या पाट्यांमध्ये इनान्ना या देवीचे, शुक्रासारखेच, 'सकाळची इनान्ना' आणि 'संध्याकाळची इनान्ना' असे वेगळे उल्लेख मिळतात. हीच पुढे इश्तार झाली. पाताळात उतरणारी, सात दारांपाशी एकेक अलंकार काढून द्यावा लागणारी, मृतवत पडून पुन्हा वर येणारी ही देवी. मावळतीला बुडून पहाटे परतणारा शुक्र पाहिला की या कथेचा धागा कुठून आला असेल, हे जाणवल्यावाचून राहत नाही.

बाकीच्यांचं मात्र तसं नाही. मार्दुक आधी बॅबिलोन शहराचा देव, गुरू ग्रह त्याच्या वाट्याला नंतर आला. नबू लेखनिकांचा देव, त्याला बुध मिळाला. लाल मंगळ युद्ध आणि रोगराईच्या नेर्गलकडे गेला. ग्रीकांनी ही वाटणी जवळजवळ जशीच्या तशी उचलली, फक्त नावं आपल्या देवांची घातली. आपल्याकडेही ऋग्वेदातला बृहस्पती हा स्तोत्रांचा, मंत्रसामर्थ्याचा देव. गुरू ग्रहाचं नाव म्हणून तो ठरला पुढच्या काळात. शनीला मात्र आपण चालीवरून नाव दिलं: शनैश्चर, हळूहळू चालणारा. सूर्याभोवतीच्या फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, तेव्हा नाव अगदी नेमकं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तोच तारा बॅबिलोनमध्ये देवी आहे आणि आपल्या पुराणांत असुरांचा गुरू शुक्राचार्य, म्हणजे पुरुष. बोलताना मात्र आपण 'शुक्राची चांदणी उगवली' म्हणतो, ती लगेच स्त्री होते! कथा जर ग्रहाच्या रूपातूनच निघाली असती, तर ती इतकी बदलली नसती. देवता माणसांजवळ होत्या, आकाशात त्यांना घरं मिळाली. आणि तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपेचे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे दगडी खांब बघा, त्यांवर कोरलेत कोल्हे, साप, गिधाडं. धर्माची मुळं एकट्या आकाशात शोधली तर ही सगळी सृष्टी नजरेआड होते.

प्रश्न : मग वारांचा क्रम ग्रहांच्या क्रमासारखा का नाही?

उत्तर : तो होऱ्यांमुळे, होरा म्हणजे तास. मंद ते जलद अशी जुनी रांग मांडा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा प्रत्येक तास ओळीने एकेकाला द्या. चोवीस तासांत सातांचे तीन फेरे होतात आणि तीन तास उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला तास तीन घरं पुढच्या ग्रहाचा. शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. पहिल्या तासाचा जो स्वामी, त्याचा वार. 'होरा' हा शब्दही ग्रीक. आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला जुना कोरीव लेख मध्य प्रदेशात एरणच्या स्तंभावर आहे, इ. स. ४८४ चा, आणि त्यात गुरुवाराला म्हटलंय 'सुरगुरूचा दिवस'.