वंशावळीत जिवंत माणसांची नावे लिहिताना

लीड्स, रविवार

लाडक्या लेकीस अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू विचारलेस, "आई, मी झाडात लिहिलं ते सगळं खरं होतं, मग आत्याआजींनी काढायला का लावलं?" तेव्हा इथे मला कामावर जायची घाई होती आणि तिकडे आजी जेवायला हाक मारत होत्या, म्हणून उत्तर अर्धेच राहिले. ते आज सवडीने लिहिते. तू सुट्टीत तासगावच्या घरी बसून एवढी नावे गोळा केलीस आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आपल्या गटाचे झाड उभे केलेस, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच ते नीट व्हावे असे वाटते.

आत्याआजींनी दोन नोंदी काढायला लावल्या. एक तुझ्या चुलत काकूंची जन्मतारीख आणि दुसरी काकांच्या पहिल्या लग्नाची नोंद, जी तू जुन्या अल्बममधल्या फोटोवरून केली होतीस. दोन्ही खऱ्या होत्या, हे मला मान्य आहे. परंतु काकू आणि काका दोघेही हयात आहेत आणि दोघांपैकी कोणालाही तू विचारले नव्हतेस. त्या संकेतस्थळावर एरवी हयात माणसाची नोंद जो करतो त्यालाच दिसते आणि मृत माणसांची नोंद सर्वांना दिसते. पण आपण गटाचे झाड केले आहे, त्यामुळे त्यातली हयात माणसे गटातल्या प्रत्येकाला दिसतात. आपल्या गटात पुण्यातले, कराडचे आणि इथले मिळून बरेच जण आहेत. काकूंचे वय आणि काकांचे मोडलेले लग्न एका संध्याकाळी त्या सगळ्यांच्या फोनवर पोहोचले. काकूंना ते कसे वाटले असेल, याचा विचार तूच कर. शिवाय पूर्ण जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव या दोन गोष्टी बँका ओळख पटवण्यासाठी विचारतात, म्हणून त्या जपायच्याच असतात. आणि एक काळजी घे. एखाद्या हयात माणसावर चुकून 'मृत' अशी खूण झाली, तर ती नोंद गटाबाहेरच्या लोकांसाठीही खुली होते.

आपल्या भागात वंशावळ नवी नाही. हेळवी हा शब्द आजोबांना विचार. बैल आणि घंटा घेऊन हेळवी गावात येत, दारात बसून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवत आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढच्या गावाला जात. मी लहानपणी कराड तालुक्यात, माझ्या माहेरी, एका हेळव्याला पाहिले आहे. त्याने आधी सगळ्या घराला ओसरीवर बोलावले, वही उघडली, मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि प्रत्येक पिढीनंतर तो थांबला. एका ठिकाणी माझे आजोबा म्हणाले, "न्हाई, त्यो धाकटा. थोरला आधी." त्याने तिथेच दुरुस्ती केली. मग गेल्या खेपेनंतर घरात कोण जन्मले आणि कोण गेले हे विचारून त्याने नवी नावे लिहून घेतली. ज्यांची वही, ती माणसे समोर बसलेली होती. काकूंच्या बाबतीत तू हीच पायरी गाळलीस.

हेळव्याच्या वहीत एक मोठी उणीव होती. त्यात मुली नव्हत्या. माझे नाव त्याने लिहिले नाही, माझ्या भावाचे लिहिले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि ते मला आजही आठवते. त्यामुळे तू आत्याआजींच्या लेकी, त्यांच्या लेकी आणि त्यांची सासरची घरे झाडात घेते आहेस, याला कोणी नाके मुरडली तरी मागे हटू नकोस.

मुलींच्या नोंदींना कोणी कचरले, तर त्याचे कारणही समजून घे. आपल्याकडे वंशावळ हा शब्द ऐकला की पुष्कळांना आधी तलाठी आठवतो. वारसनोंद करायची, जातीचा दाखला काढायचा किंवा जमिनीचे वाटप करायचे, तर वंशावळ लागते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, त्यामुळे मुलींची नावे लिहिताना काही घरांत लगेच वाट्याची शंका येते. कोणी तुला "हे कशाला पाहिजे?" असे विचारले, तर चिडू नकोस. आपले झाड सातबाऱ्यासाठी नाही, हे शांतपणे सांग आणि पडद्यावर काय दिसते ते त्यांना दाखव.

आता पणजीच्या दोन नावांविषयी. तुला एका कागदावर कृष्णा आणि दुसऱ्यावर लक्ष्मीबाई सापडली, म्हणून तू दोन बायका धरल्यास आणि पणजोबांची दोन लग्ने झाली असे लिहिलेस. ती एकच बाई आहे. माहेरी तिचे नाव नदीवरून कृष्णा होते आणि लग्नात ते बदलून लक्ष्मी ठेवले गेले. ताटात तांदूळ पसरून नवरदेवाने सोन्याच्या अंगठीने नवरीचे नवे नाव लिहायचे, अशी ती पद्धत होती. माझ्या लग्नात ताट पुढे आले तेव्हा तुझ्या आजीच बाबांना म्हणाल्या की तिचे आहे तेच नाव लिही, म्हणून मला माझे नाव राहिले. पणजीला ती सोय नव्हती. झाडात जन्माचे नाव म्हणून कृष्णा लिही आणि लग्नानंतरचे नाव पर्यायी नावाच्या जागी ठेव.

याचा पुरावा स्वयंपाकघराच्या माळ्यावर आहे. तिथे एक मोठी पितळी घागर आहे. तिच्या गळ्याखाली छिन्नीच्या बारीक ठिपक्यांनी अक्षरे कोरलेली आहेत: "चि. कृष्णास मामांकडून, सन १९५०". आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालायची रीत होती. मामांनी सोबत भाचीचेही नाव घातले, तेही ते तिला ज्या नावाने हाक मारत तेच, आणि त्यामुळे माहेरचे नाव भांड्यावर उरले. चिंचेने घासून घागर चकचकीत करू नकोस, अक्षरे आधीच पुसट आहेत. तिरप्या उजेडात धर, म्हणजे वाचता येतील.

तू आणखी एक 'चूक' दाखवलीस. आजोबा, आत्याआजी आणि धाकटे आजोबा या तिघांचीही जन्मतारीख १ जून कशी? दोन ओळींत सांगते. शाळेत नाव घालताना गुरुजींना तारीख हवी असे आणि घरात ती कोणाला माहीत नसे, म्हणून त्यांनी १ जून लिहिली. महाराष्ट्रात त्या पिढीच्या असंख्य माणसांचा कागदावरचा वाढदिवस हाच आहे. पण खरा दिवस कधी कधी आठवणीत सापडतो. आत्याआजींनी मला एकदा सांगितले होते की धाकटे आजोबा बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी जन्मले. त्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या आणि बैलांच्या खांद्याला लावायची हळद वाटीत घेऊन दारात उभ्या होत्या. बेंदूर आषाढात येतो, म्हणजे १ जून असणे शक्यच नाही. शाळेची तारीख शाळेची म्हणून लिही आणि आत्याआजींची आठवण त्यांच्या शब्दांत खाली टिपणात लिही. मात्र हे तिघेही हयात आहेत, तेव्हा आधी त्यांना विचार.

तसेच जिल्ह्याचे नाव बदलू नकोस. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'जि. दक्षिण सातारा' आहे आणि संगणक तिथे सांगली सुचवतो, तरी दाखला चुकीचा नाही. जुन्या सातारा जिल्ह्यातून १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली झाले. त्यामुळे पणजोबा सातारा जिल्ह्यात, आजोबा दक्षिण सातारा जिल्ह्यात आणि तुझे बाबा सांगली जिल्ह्यात जन्मले, आणि तिघेही त्याच एका घरात, त्याच मधल्या खोलीत जन्मले.

राहता राहिला दत्तकाचा प्रश्न. पणजोबांचे धाकटे भाऊ निपुत्रिक चुलत्यांना दत्तक गेले होते, म्हणून त्यांना दोन वडील दिसतात. झाडात जन्मदाते आणि दत्तक असे दोन्ही संबंध वेगवेगळे दाखवता येतात. परंतु त्यांची मुले हयात आहेत आणि आपले खरे आजोबा कोणते म्हणायचे, यावर त्यांचे आपसांत एकमत नाही. ते ठरवायचा अधिकार माझाही नाही आणि तुझाही नाही. तू त्यांना फोन कर, नाव आणि नाते सांग, आजोबांचा नमस्कार सांग, मग विचार. त्यांचे उत्तर येईपर्यंत ती जागा मोकळी ठेव.

बुधवारी आत्याआजी दुपारी घरी येणार आहेत. तेव्हा फोन हातात देऊ नकोस, त्यांना अक्षरे बारीक दिसतात. त्यांच्याशेजारी बस आणि एकेक पिढी मोठ्याने वाच. प्रत्येक पिढीनंतर थांब. आजींनाही बोलाव, कारण सासरची माहिती आत्याआजींपेक्षा त्यांना जास्त आहे. आजी स्वतः आजोबांचे नाव घेणार नाहीत, 'हे' म्हणतील, ते तू समजून घे. काकूंना मात्र तू स्वतः जाऊन भेट, चुकले असे सांग आणि त्यांनी जेवढे सांगितले तेवढेच लिही.

आणि माळ्यावरून घागर उतरवताना बाबांच्या धाकट्या भावाला हाताशी घे, ती जड आहे. कोरलेल्या ओळीच्या शेवटी मामांच्या गावाचे नाव असावे असे मला अंधुक आठवते. वाचता आले तर मला फोटो पाठव, म्हणजे पणजीचे माहेर झाडात जोडता येईल.

तुझी,
आई