खाली बसवलेली मारुती 800 मागून का कुईकुई करते

आपण दिलेला तपशील असा आहे: गाडी 2003 सालची मारुती 800, मागच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून ती साधारण 45 मि.मी. खाली बसवलेली, गतिरोधकावरून हळू जाताना मागून कुईकुई, गाडी धुतली की एक-दोन दिवस शांतता आणि मग पुन्हा तोच आवाज. दोन वेळा खालून डिझेल आणि जुने ऑईल मारून झाले, शॉकअपही नवे बसले, तरी फरक पडला नाही. यातला सर्वांत उपयोगी धागा म्हणजे पाण्याने बंद होणारा आवाज, आणि त्यावरून शॉकअपचा खर्च बहुधा अनाठायी झाला आहे, हे मला आधीच सांगावे लागेल. शॉकअप आतून खराब झाला तर तेल गळते, गाडी झुलत राहते किंवा ठोका येतो. पाण्याचे चार थेंब पडल्यावर तो सुधारत नाही. पाण्याने गप्प होतो तो उघड्यावर घासणारा पृष्ठभाग, आणि या गाडीच्या मागच्या बाजूला तो जवळजवळ नेहमी रबर बुशचा (सांध्यात बसवलेल्या रबरी नळकांड्याचा) किंवा स्प्रिंगच्या बैठकीचा असतो.

या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, एकसंध आहे. त्याला पुढे-मागे धरून ठेवायला दोन बाजूंना दोन ट्रेलिंग आर्म आणि डावी-उजवीकडे सरकू न द्यायला एक आडवा लॅटरल रॉड असतो. या तिन्हींच्या टोकांना रबराचे बुश आहेत. हे बुश बिजागरीसारखे फिरत नाहीत, हे पुष्कळ अनुभवी मिस्त्रीही लक्षात घेत नाहीत. बुशच्या आत लोखंडी नळी असते, बोल्ट आवळला की ती नळी दोन पत्र्यांमध्ये घट्ट दाबली जाते आणि तिथेच थिजते. चाक वर-खाली झाले की फिरते ते फक्त रबर, म्हणजे ते पीळ घेते आणि सोडते. त्यामुळे बोल्ट ज्या उंचीवर आवळला, ती उंची रबराच्या दृष्टीने ‘विश्रांतीची’ ठरते.

आता आपल्या गाडीत काय झाले ते पाहा. स्प्रिंग काढली, कापली, परत बसवली, पण आर्मचे बोल्ट बहुधा कोणी सैल केलेच नाहीत. म्हणजे रबराची विश्रांतीची जागा अजून जुन्या उंचीवरच आहे. आर्मची लांबी हिशेबासाठी 500 मि.मी. धरली, तर 45 मि.मी. खाली आल्यावर कोन सुमारे 5 अंशांनी बदलतो. ऐकायला हे थोडे वाटते, परंतु गाडी नुसती उभी असतानाही रबर सतत 5 अंश पिळलेले राहते, आणि प्रत्येक खड्ड्यात त्याच दिशेने आणखी पिळले जाते. वीस वर्षांचे, उन्हाने कडक आणि ऑईलने कमकुवत झालेले रबर हे सहन करत नाही. ते नळीपासून सुटते आणि नळीवर कोरडे घासू लागते. आपल्याला ऐकू येणारी कुईकुई तीच असावी असा माझा अंदाज आहे. लॅटरल रॉडचाही कोन बदलतो आणि अ‍ॅक्सल काही मि.मी. एका बाजूला सरकतो, मात्र एवढ्या उंचीच्या फरकाला ते सरकणे क्षुल्लक असते. आवाज आलाच तर तो रॉडच्या बुशचा असतो, सरकण्याचा नव्हे.

अंदाजावर सुटे भाग विकत घेऊ नका. आधी जागा पक्की करा, आणि त्यासाठी साध्या पाण्याची फवारणीची बाटली पुरते. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा किंवा लाकडाचे ठोकळे लावा, एका माणसाला डिकीच्या कडेवर जोर देऊन मागची बाजू वर-खाली हलवायला सांगा, आणि आपण बाजूला बसून कान द्या. मग एका वेळी एकाच सांध्यावर पाणी मारा: आधी डाव्या आर्मचा पुढचा बुश, मग मागचा, मग उजवी बाजू, मग रॉडची दोन टोके, मग शॉकअपची खालची आणि वरची रबरे, आणि सर्वांत शेवटी स्प्रिंगच्या बैठका. ज्या सांध्यावर पाणी पडताच आवाज थांबेल, तो आपला गुन्हेगार. घाई करून सगळीकडे एकदम पाणी मारलेत तर गाडी गप्प होईल आणि आपण पुन्हा दोन दिवस वाट पाहत बसाल. हलवताना आवाजच येत नसेल, तर मागच्या सीटची कडी आणि डिकीवरचा ट्रे काढून गाडी चालवून पाहा. माझ्या स्वतःच्या 1999 च्या 800 ची मागची बाजू मी 40 मि.मी. खाली घेतली होती, आणि तीन महिने मी ज्या दोन आवाजांमागे लागलो होतो, त्यांतला एक उजव्या आर्मच्या पुढच्या बुशचा निघाला आणि दुसरा चक्क सीटच्या कडीचा.

बुशवर आवाज पक्का झाला की प्रथम ते फाटले आहे का ते टॉर्च लावून पाहा. रबर नळीपासून सुटलेले, एका बाजूला ओघळलेले किंवा भेगाळलेले दिसले तर ते बदलणेच योग्य, आणि तेही दोन्ही बाजूंचे. ते हातोडीने ठोकून नव्हे, तर प्रेसवर बसवून घ्या. रबर शाबूत दिसले तर खर्चाशिवायही काम होण्याची शक्यता आहे. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारा फवारा मारा, पण तो रबरावर उडू देऊ नका. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घ्या, किंवा मागची दोन्ही चाके रॅम्पवर चढवा. काहीही करा, पण गाडीचे वजन चाकांवर आणि स्प्रिंगवर असलेच पाहिजे. बॉडीला जॅक लावून चाके लोंबकळत ठेवून हे काम केले तर मूळ चूक आपण त्याच दिशेने, आणि आधीपेक्षा मोठी, पुन्हा कराल. आता आर्म आणि रॉडचे सर्व बोल्ट फक्त सैल करा, काढू नका. मागची बाजू चार-पाच वेळा दाबून सोडा, म्हणजे प्रत्येक नळी आपल्या नव्या जागी येईल. त्यानंतर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा. कंपनीचे मॅन्युअलसुद्धा हे बोल्ट गाडी जमिनीवर आणि रिकामी असतानाच शेवटचे आवळायला सांगते. म्हणजे ही काही माझी युक्ती नाही, फक्त गाडी खाली घेतल्यावर ती पाळणे जास्तच गरजेचे होते. बोल्ट नळीत गंजून अडकला असेल तर त्यावर लांब पाइप लावून लोंबकळू नका, बोल्ट मधूनच तुटतो आणि मग नळी कापावी लागते.

डिझेल आणि जुन्या ऑईलबद्दल. पावसाळ्याआधी खालून ऑईल मारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि पत्र्याला ती लाभतेही, परंतु खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडून सोलवटते. दोन दिवसांच्या शांततेसाठी आपण बुशचे आयुष्य कमी करत आहात. रबराला काही लावायचेच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा, आणि तेही शॉकअपच्या रबरांसारख्या उघड्या जागी. बुशच्या आतल्या सुटलेल्या रबराला ते दुरुस्त करणार नाही. पॉलियुरेथेनचे बुश घेण्याचा सल्ला आपल्याला मिळेलच. त्यांची नळी आतल्या आत फिरते, त्यामुळे त्यांना पीळ पडत नाही, हे खरे. पण त्यांतले ग्रीस वाळले की ते रबरापेक्षा जास्त कर्कश ओरडतात. रोजच्या गाडीला मी रबरच पसंत करतो.

आता त्या कापलेल्या स्प्रिंगकडे येतो, कारण आवाज तिथला निघाला तर वरचे सगळे बाजूला राहील. स्प्रिंगचे मूळ टोक बैठकीच्या खाचेत बसेल अशा आकाराचे असते. कापलेले टोक तसे बसत नाही, ते रबराच्या बैठकीत रुतते, ती फाडते आणि मग लोखंड लोखंडावर करकरते. शिवाय वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते: सहा कार्यरत वेढ्यांतला एक गेला तर कडकपणा सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. गॅसच्या ज्योतीने कापली असेल तर त्या टोकाचे पाणी उतरते, म्हणजे पोलादाचा कस जातो, आणि पुढे ती तिथूनच तुटू शकते. तपासण्याची पद्धत सोपी आहे. बॉडीखाली मजबूत स्टँड लावून मागची चाके पूर्ण लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. ती सहज फिरली, तर शॉकअप पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग बैठकीत सैल पडते, आणि एखाद्या मोठ्या खड्ड्यात ती जागेवरून निसटू शकते. अशी स्प्रिंग असेल तर आवाजाचा विचार सोडून द्या, ती गाडी चालवूच नका. त्यावर कोणतेही रबर भरून चालणार नाही. कमी उंचीसाठीच बनवलेली, दोन्ही टोके बैठकीत बसणारी स्प्रिंग घ्या किंवा मूळ स्प्रिंग परत लावा. बंप स्टॉप (अ‍ॅक्सल वर आदळू नये म्हणून बसवलेला रबरी ठोकळा) काढून जागा करण्याचा उपाय कोणी सुचवला तर तोही टाळा, कारण चार माणसे बसल्यावर मग शॉकअप आतून आदळतो.

उंची बदलण्याबाबत एक गोष्ट आपल्या माहितीसाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या निरीक्षकाला कापलेली स्प्रिंग दिसणे आपल्या हिताचे नाही. मूळ उंचीवर परत जायचे ठरवलेत, तरी बोल्ट सैल करून आवळण्याचे काम पुन्हा करावेच लागेल. नाहीतर तेच बुश उलट्या बाजूला पिळलेले राहतील.

बोल्ट आवळल्यावर त्यांच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा आणि दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा खाली डोकावून पाहा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सैल होतो आहे. तो पुन्हा वजनावर उभा ठेवूनच आवळा.