नवीन टायर टाकूनही ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतंय, शोरूमवाले रस्त्याला दोष देतात. काय करावं?

तुम्ही निपाणीचे, टायर नवे, बॅलन्सिंग-अलाइनमेंट दोनदा झालंय. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अलाइनमेंटचा नाद सोडा. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो. थरथर सहसा त्यानं येत नाही. ठरावीक वेगालाच हादरतंय म्हणजे बहुतेक फिरणाऱ्या भागात दोष आहे. ८० च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला बारा-एक फेरे घेतं. त्यामुळं ५० ला जाणवत नाही तो दोष तिथं एकदम हाताला लागतो.

‘गाडी थरथरते’ एवढंच सांगून चावी देऊ नका. जॉबकार्डावर नीट लिहून घ्या: किती वेगाला, स्टेअरिंगला की सीटखाली, ब्रेक मारताना की पिकअप घेताना. स्टेअरिंगला असेल तर बहुतेक पुढची चाकं, सीटला असेल तर मागची. फक्त ब्रेकला असेल तर डिस्क तपासायला सांगा, फक्त पिकअपला असेल तर ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा.

मी शोरूमला तीन हेलपाटे घातले. चौथ्यांदा वाद न घालता म्हटलं, "दादा, एक राउंड माझ्याबरोबर चला की." बेळगावजवळचं काकती ओलांडून ८५ ला गेलो, स्टेअरिंग त्यांच्याच हातात दिलं. परत येईपर्यंत रस्त्याचं नाव कुणी काढलं नाही.

चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं तर आकडे शून्य-शून्य, म्हणजे तोल बरोबर. मग तिथल्या एका जुन्या मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक रिमच्या आतल्या काठाशी धरलं आणि चाक हातानं हळू फिरवलं. फट सगळीकडं सारखी, एका जागी मात्र टोक खर्रकन घासलं. चोर्ल्याच्या रस्त्याला कणकुंबीच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली होती, ते तेव्हा आठवलं. बाहेरून रिमवर ओरखडासुद्धा नव्हता. वजनं लावून वाकलेल्या रिमचा तोल साधतो, पण ते गोल होत नाही. म्हणून मशीन बरोबर म्हणतं आणि गाडी थरथरते. तुमच्याकडंही टायर नवे असले तरी रिम जुनीच आहेत ना? तीच परीक्षा चारही चाकांना करायला लावा, तुमच्यासमोर. पावसाळ्यात जांबोटीकडं जाणं झालं असेल तर रिमच्या आत वाळून बसलेली लाल माती आधी खरवडून काढा, तेवढ्यानंही तोल जातो.

रिम सरळ निघालं तर पुढची चाकं मागं टाकून बघा. थरथर सीटखाली गेली तर दोष चाकात किंवा टायरात. स्टेअरिंगलाच राहिली तर हब, बेअरिंग, सस्पेन्शन.

टायरातच दोष निघाला तर क्लेम टायर विकणाऱ्या डीलरमार्फत करा, बिल जपून ठेवा. टायरच्या बाजूला ‘DOT’ (डीओटी) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा, तो टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. ‘नवीन’ म्हणून जुना माल गळ्यात पडला नाही ना, ते तिथं कळतं. बाजूला फुगा आलेला दिसला तर ते चाक हायवेला नेऊच नका, स्टेपनी लावूनच डीलरकडं जा.