वाचकांचे प्रश्न : गाडी हलते आणि मगच बंद पडते

प्रश्न : मास्तर, नमस्कार. माझं वय सेहेचाळीस, दीड महिना झाला गाडी शिकते आहे. मुलगा शेजारी बसतो आणि एकच मंत्र म्हणतो, "आई, क्लच हळू सोड." मी हळूच सोडते. गाडी हलतेसुद्धा, पण हलल्यावर दोन गचके देऊन बंद पडते. मागचे हॉर्न वाजवतात. मग पुढच्या वेळी घाबरून मी जास्त रेस देते आणि गाडी उडी मारते. माझ्या पायातच काही खोट आहे का?
— हळू सोडणारी

उत्तर : ताई, पाय चांगला आहे, मंत्र अर्धवट आहे. तुमच्या पत्रातल्या एका शब्दाखाली मी रेघ मारली : 'हलल्यावर'. गाडी शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. त्याआधी गॅरेजमध्ये क्लचप्लेटा, म्हणजे इंजिनाला चाकांशी जोडणाऱ्या चकत्या, बदलायचो. बंद पडणाऱ्या दहा गाड्यांपैकी आठ तरी हलल्यानंतरच बंद पडतात. तरीही आम्ही शिकवणारे ओरडतो ते हलण्याआधी.

पेडल वर येतं तेव्हा त्याच्या वाटेचे तीन तुकडे होतात. खालच्या तुकड्यात काही घडत नाही, तिथे पाय भराभर वर आला तरी चालतो. मधला तुकडा दोन-तीन बोटांचा, तिथे क्लच पकडतो. वरच्या तुकड्यात पुन्हा काही घडत नाही. तुमचा मुलगा तिन्ही तुकड्यांत 'हळू' म्हणतो. खालच्या रिकाम्या भागातच पोटरीला रग लागते, आणि जिथे धीर धरायचा तिथे तो संपलेला असतो.

आता थोडा हिशेब करू. ॲक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे अंदाजे 14 फेरे झाले की चाकाचा एक होतो. गाडीगणिक आकडा थोडा बदलेल. म्हणजे इंजिन 800 वर असताना चाकाचे 57 फेरे, आणि गाडीचा वेग ताशी सहा-साडेसहा किलोमीटर. झपझप चालणाऱ्या माणसाइतका. पण उभ्या गाडीचं चाक शून्यावर असतं. इंजिन 800 वर, चाक शून्यावर, आणि दोघांना जोडायचं आहे. मधली तफावत कोणीतरी सोसायला हवी. क्लचप्लेट ती घसरून सोसते. गाडी साडेसहाला पोचेपर्यंतचे ते दोन-एक सेकंद, त्यासाठीच तिचा जन्म.

गाडी हलली तेव्हा तुम्ही ताशी एक किलोमीटरवर आहात, पाच-साडेपाच अजून बाकी. नेमकं त्याच वेळी मनात 'हुश्श, सुटली' होतं आणि पाय उरलेलं पेडल सोडून मोकळा होतो. प्लेट घट्ट चिकटते. ताशी एक किलोमीटरच्या चाकाला बांधलेलं इंजिन 800 वरून सव्वाशे फेऱ्यांकडे ओढलं जातं. सव्वाशेवर तग धरणारं गाडीचं इंजिन मी तरी पाहिलेलं नाही. ते दोन गचके म्हणजे त्याची धडपड.

म्हणून मंत्र बदला : गाडी हलली की पाय थांबवा. होता तिथेच. मोठ्यांदा 'एक, दोन' म्हणा आणि मग उरलेलं सोडा. माझ्याकडे कॉलेजातली मुलंही हे मोठ्यांदा म्हणतात. लाजतात, पण म्हणतात.

सराव रिकाम्या सपाट जागेत करा. पहिल्या दिवशी मी ॲक्सिलरेटरला पाय लावूच देत नाही. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरात. क्लच वर आणत इंजिनाचा आवाज ऐका. तो किंचित जड होतो, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा थोडा खाली झुकतो, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. ही पकड. आली की लगेच पेडल पुन्हा दाबा, तिथे रेंगाळू नका. असं दहा-बारा वेळा केलं की पायाला जागा सापडते. मग हँडब्रेक सोडून नुसत्या क्लचवर गाडी चालती करा. हल्लीची इंजिनं ओझं जाणवलं की आपणहून थोडं इंधन वाढवतात, त्यामुळे सपाटीवर हे जमतं. डिझेलवर आणखी सोपं. पेट्रोलवर धीर जास्त लागतो.

सीट मात्र आधी जुळवा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून बोटांच्या टोकांनी पेडल दाबणाऱ्याला मधलं दोन-तीन बोटांचं अंतर कधीच कळणार नाही. जाड तळाचे बूटही नकोत.

आणि घाबरून दिलेल्या रेसचं. इंजिन दुप्पट वेगाने फिरवत क्लच सोडला, तर प्लेटला दुप्पट वेगापर्यंत घसरत राहावं लागतं आणि उष्णता जवळपास चौपट होते. हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू द्या. प्लेटचा खर्च ते देणार नाहीत.

प्रश्न : सिग्नलला यजमान क्लच दाबून, गिअर टाकून उभे राहतात. मी म्हणते न्यूट्रल करा. ते म्हणतात, पूर्ण दाबलेला क्लच झिजत नाही. खरं कोणाचं?
— मागच्या सीटवरून

उत्तर : प्लेटपुरतं यजमानांचं खरं. पेडल पूर्ण दाबलं की प्लेट सुटी होते, आणि सुटी प्लेट झिजत नाही. पण तिला सुटं ठेवण्यासाठी रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की पुढे सरकणारं फिरतं कडं, क्लचप्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला रेटून धरतं आणि त्या दाबाखाली सतत फिरतं. झिजतं ते बेअरिंग. गाडी उभी असताना क्लच दाबला की घुरघुर येते आणि सोडला की थांबते, तेव्हा बहुतेक वेळा त्याचंच रडगाणं असतं. भाग लहान, पण तिथवर पोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. शिवाय गिअरात उभ्या गाडीत पाय निसटला तर ती पुढच्या गाडीवर जाते. चार-पाच सेकंदांत दिवा हिरवा होणार असेल तर राहू दे, नाहीतर न्यूट्रल. तुमचं खरं.

आता एक गोष्ट तपासा, दोघं मिळून. गाडी पळत असताना यजमानांचा डावा पाय कुठे असतो? सिग्नलला दाबून धरणारे बरेच जण चालत्या गाडीतही पाय पेडलवर टेकवून ठेवतात. नुसतं पायाचं वजनही पकड ढिली करायला पुरतं. एकाच जातीच्या दोन गाड्यांपैकी एकीची प्लेट दीड लाख किलोमीटर टिकलेली आणि दुसरीची तीस हजारांत संपलेली मी स्वतः काढली आहे. पायाला बाजूला जागा दिलेली असते, ती शोभेची नाही.

प्रश्न : पार्किंगच्या चढावर गाडी मागे येते म्हणून मी क्लच-ॲक्सिलरेटरवर तोलून धरतो. जमतं छान, पण काल जळका वास आला. क्लच गेला का?
— तोल सांभाळणारा

उत्तर : एका वासाने जात नाही. गाडी थोडा वेळ उभी ठेवा, निवू द्या. गेला की नाही ते असं कळेल : मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा काटा चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय, गॅरेज गाठा. दोन्ही बरोबर वाढले तर वाचलात.

पण हा तोल सोडा. बघणाऱ्याला फार हुशारीचा वाटतो, म्हणूनच लोक तो सोडत नाहीत. इंजिन फिरतंय, चाक उभं आहे. म्हणजे इंजिनाची त्या वेळची सगळी ताकद प्लेटवर आगीसारखी ओतली जाते. वर ताईंना सांगितलेले दोन सेकंद तुम्ही दोन मिनिटं ताणता.

हे मला फुकट कळलेलं नाही. गॅरेजमध्ये नवा असताना एका गिऱ्हाइकाची गाडी रॅम्पवरून उलटी वर घेत होतो. अर्ध्यावर थांबायला सांगितलं, मी ऐटीत क्लचवर तोलली. धूर दिसला तेव्हा उस्ताद काही बोलले नाहीत. ती प्लेट त्यांनी मला एकट्याला बदलायला लावली आणि पगारातून कापली.

चढावर हँडब्रेक ओढा. क्लच पकडीपर्यंत आणा, मागचा भाग किंचित बसल्यासारखा वाटेल. थोडी रेस द्या, आवाज पुन्हा जड झाला की हँडब्रेक सोडा. पाय तिथेच, 'एक, दोन'. गाडीत हिल होल्ड असेल तर ती ब्रेक दोनेक सेकंद स्वतः धरून ठेवते. तेवढ्यात पकड आणा.

प्रश्न : थांबताना आधी ब्रेक की आधी क्लच?
— गोंधळलेला

उत्तर : ब्रेक. इंजिनाचे फेरे उतरत हजाराच्या आसपास आले की क्लच. आधीच दाबलात तर इंजिनाचा आपसूक मिळणारा ओढा जातो आणि सगळं ओझं ब्रेकवर पडतं. शिवाय गाडी गिअरात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर हल्लीची इंजिनं काही काळ इंधन पूर्ण तोडतात. क्लच दाबलात की नुसतं फिरत राहण्यासाठी ती पुन्हा पिऊ लागतात. एकदम कोणी आडवं आलं तर मात्र हा विचार नको, दोन्ही पेडलं जोरात दाबा.

प्रश्न : डावा गुडघा दुखतो. ऑटोमॅटिक घेऊ का? क्लचवाल्या मास्तरांना विचारणं बरं दिसत नाही, पण विचारतो.
— गुडघेदुखीवाला

उत्तर : घ्या. मी गेल्या वर्षी घेतली. पहिल्या आठवड्यात सवयीने डावा पाय उचलला आणि क्लच म्हणून जे कचकन दाबलं तो ब्रेक होता. त्या गाड्यांत ब्रेकचं पेडल रुंद असतं, डाव्या पायाला सहज सापडतं. सीटबेल्टने छाती आवळली, शेजारी बसलेल्या बायकोची पर्स डॅशबोर्डवर. सुरुवातीचे काही दिवस डावा पाय सीटच्या बाजूला मागे ओढून ठेवा. माझा अजून ठेवावा लागतो.