'च' नावाचं अक्षर

"मदत मागितली की आधी चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. त्यापेक्षा नकोच ती."

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा बोललं गेलंय, की समोरच्या माणसाने श्वास घेतला तरी मला ते ऐकू येतं. निमित्त कधी पैसे, कधी आजारपण. या वेळी होते गाडीचे ब्रेक.

बाई चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या. महिनाभर ब्रेकचं पेडल मऊ लागत होतं. दोनदा पंप केल्याशिवाय गाडी थांबत नव्हती. डबीतलं ब्रेक ऑइल उतरलं की त्या वरून ओतायच्या आणि पुढे निघायच्या. मोठ्या भावाने उमेदीची वर्षं गॅरेजात काढलेली. त्याला मात्र कळू दिलं नव्हतं.

"का?"

"म्हणेल, गाडी घ्यायला सांगितलं होतं कुणी तुला!"

"आज कशाने आलात?"

बराच वेळ गप्प. मग, "गाडीनेच."

एरवी मी सल्ले देत नाही. त्या दिवशी सरळ बजावलं, की ही गाडी आता गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत न्यायची नाही. ऑइल खाली जातंय म्हणजे ते कुठेतरी गळतंय किंवा पॅड झिजलेत. भरत राहून दुखणं फक्त झाकलं जातं. (माझी गाडीतली अक्कल एवढीच.)

गाडी दारात उभी राहिली. तिसऱ्या भेटीला खरं बाहेर आलं. "तीन आठवडे गाडी हललेली नाही. त्याला दिसत नाही? त्याने स्वतःहून विचारायलाच हवं ना?"

"विचारावं, की विचारायलाच हवं?"

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विचारपद्धती मी वर्षानुवर्षं वापरते. इच्छेचं फर्मान झालं की माणूस दुखावतो, हे त्यांचं म्हणणं. मराठीत ते सगळं फर्मान एका 'च'मध्ये मावतं, ही भर मात्र माझी, आणि मला तिचं जरा कौतुक आहे. बाईंनी वाक्य 'च' काढून पुन्हा म्हटलं. आवाज उतरला, डोळे भरले. "त्याने विचारलं असतं तर बरं वाटलं असतं," एवढंच.

मग तिथेच बसून निरोप लिहिला. 'मला मदत कर' असं मी लिहू देत नाही. मोघम मागितलं की समोरचा उपदेशाने जागा भरतो. काय झालंय, काय हवंय, कधी हवंय, एवढं पुरतं. 'दादा, पेडल खाली जातंय. ऑइल दोनदा भरलं तरी उतरलं. रविवारी सकाळी येऊन बघशील?'

"आणि बोललाच तर?"

"बोलू दे. शब्द मोजा."

पुढच्या भेटीत त्या हसत आल्या. बोलणी बसली होती, चारांहून पुष्कळ जास्त. पण गाडी घेतल्याबद्दल चकार शब्द नाही. तशीच चालवत राहिल्याबद्दल.

मागच्या चाकातला सिलिंडर गळत होता. नवा बसवल्यावर नळीतली हवा काढायची, तर त्याला दोन माणसं लागली. दादा चाकाशी उकिडवा, या आत सीटवर. पेडल दाब. धर. मग दादा चाकामागचं निपल, म्हणजे हवा काढायची छोटी तोटी, उघडणार, बुडबुड्यांसकट ऑइल काढणार, निपल आवळणार. मग सोड. निपल उघडं असताना पाय उचलला तर हवा परत आत.

"'मी सांगेपर्यंत सोडू नकोस हं' म्हणून सारखा ओरडत होता. पहिल्यांदाच त्याचं माझ्यावाचून अडलं, मॅडम."

मी काही बोलले नाही. त्या पोटरी चोळत म्हणाल्या, "पायात गोळा आला. पण सोडलं नाही."