पेपरातलं शब्दकोडं अर्ध्यावर का अडतं? पूर्ण सोडवायची काही पद्धत आहे का?

तुम्ही लिहिलंय की पनवेल-ठाणे लोकलमध्ये रोज मराठी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसता, नेरूळपर्यंत शब्द भराभर सुचतात, तुर्भ्याच्या पुढे गाडं अडतं आणि ठाणं आलं तरी एक कोपरा रिकामाच राहतो. शब्दसंपत्ती कमी पडते का, असा तुमचा प्रश्न आहे.

थोडी पडत असेल, पण पहिला संशय तिच्यावर घेऊ नका. कोडं अडतं तेव्हा बऱ्याचदा आधी भरलेला एखादा शब्द चुकलेला असतो. तो चुकलाय हे शेजारची घरं सांगत असतात, आपण ऐकत नाही इतकंच. तेव्हा नवे शब्द पाठ करण्याआधी घरं वाचायला शिका.

सुरुवात अक्षरं मोजण्यापासून. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं: काना, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, जोडाक्षर सगळं त्याच घरात. ‘उत्साह’ तीन घरांचा (उ-त्सा-ह), ‘महत्त्व’ही तीनच (म-ह-त्त्व), ‘दुःख’ दोन. गोंधळ होतो तो रफारात. रफार पुढच्या अक्षरावर बसतो, म्हणून ‘दुर्मिळ’ म्हणजे दु-र्मि-ळ, आणि ‘धर्म’ दोन घरांत संपतो. उच्चारात आपण ‘र’ सुटा ऐकतो, त्यामुळे मनातल्या मनात मोजताना एक घर जास्त भरतं आणि बरोबर सुचलेला शब्द ‘बसत नाही’ म्हणून सोडून दिला जातो. शंका आली की शब्द पेपरच्या कडेला अक्षरं तोडून लिहा.

पहिल्या फेरीत फक्त निर्विवाद शब्द भरा. गाळलेल्या जागा आणि म्हणी सर्वांत आधी, कारण तिथे पर्याय नसतो. ‘नाचता येईना ____ वाकडे’ला ‘अंगण’शिवाय उत्तर नाही. ‘उथळ पाण्याला ____ फार’मध्ये ‘खळखळाट’ पाच घरं एकदम देतो, म्हणजे त्याला छेदणाऱ्या उभ्या शब्दांना फुकटात एकेक अक्षर. मग व्यक्ती, गावं, नद्या. दोन घरांचे शब्द या फेरीत अजिबात भरू नका, कितीही सोपे वाटले तरी. ‘पाणी’ असा संकेत आणि दोन घरं असतील तर जल, जळ, नीर, तोय, पय, सगळेच बसतात. तिथे पेन टेकवलं की पुढची गडबड ठरलेली.

संकेताचं व्याकरण नीट पाहा. ‘त्रास’ला ‘छळ’ किंवा ‘जाच’, ‘त्रास देणे’ला ‘छळणे’, ‘त्रासलेला’ला ‘बेजार’. संकेत क्रियापद असेल तर उत्तरही बहुधा ‘णे’ने संपतं, म्हणून शब्द सुचायच्या आधीच शेवटच्या घरात पेन्सिलीने फिकट ‘णे’ लिहून ठेवता येतो. अनेकवचनात मात्र फसगत होते. ‘झाडे’ असं विचारलं म्हणून उत्तराच्या शेवटी मात्रा शोधत बसू नका, ‘वृक्ष’ एकवचनातही तोच आणि अनेकवचनातही तोच. संकेतात दोन अर्थ ‘किंवा’ने जोडलेले असतील तर दोन्हींना लागू पडणारा शब्द हवा: काठ किंवा बाण म्हणजे ‘तीर’, हात किंवा सरकारी देणे म्हणजे ‘कर’, डोंगर किंवा दागिना म्हणजे ‘नग’. एकच अर्थ जुळवून पुढे गेलात की ‘डोंगर’ला ‘गिरी’ भरून मोकळे होता.

आता समानार्थी शब्द. पाठांतराची यादी करण्यापेक्षा त्यांची घडण समजून घ्या, तीच खरी किल्ली आहे. पाण्याचे शब्द घ्या: जल, नीर, तोय, पय, वारि, अंबु, उदक, सलिल. यांतल्या बऱ्याच शब्दांना ‘ज’ (जन्मलेलं) लावलं की कमळ होतं: जलज, नीरज, अंबुज, वारिज. ‘द’ (देणारा) लावला की ढग: जलद, नीरद, अंबुद, वारिद. ‘धी’ लावला की समुद्र: जलधी, वारिधी, अंबुधी, पयोधी. म्हणजे ‘ढग’ असा संकेत, तीन घरं, आणि शेवटी ‘द’ मिळाला असेल तर पहिली दोन घरं पाण्याच्या शब्दाची आहेत हे न सुचताही कळतं. पृथ्वीचंही तसंच. भू, मही, धरणी यांना ‘धर’ लावलं की पर्वत, ‘पती’ लावलं की राजा. ‘ख’ म्हणजे आकाश, म्हणून ‘खग’ पक्षी. ही तीन-चार सूत्रं पन्नासेक शब्द पोटात घेऊन बसलेली आहेत.

काही जोड्या एका वेलांटीने उलट्या होतात. ‘अनल’ म्हणजे अग्नी, ‘अनिल’ म्हणजे वारा. दोन्ही तीन घरांचे, दोन्ही ‘अ’ने सुरू होऊन ‘ल’ने संपणारे. मधलं घर छेदात नसेल तर चूक शेवटपर्यंत लपून राहते. हत्तीला ‘करी’, भुंग्याला ‘अली’, सापाला ‘अही’, घोड्याला ‘वारू’ हे दोन घरांचे शब्द कोडं रचणाऱ्यांच्या फार लाडके, कारण कोपऱ्यात उरलेली दोन घरं भरायला त्यांच्यासारखं सोयीचं काही नाही. बोलण्यात यांना कुणी विचारत नाही, कोड्यात मात्र सदा हजर.

एक कोपरा प्रत्यक्ष सोडवून पाहू. आडवा १: ‘समुद्र’, तीन घरं. सागर, अर्णव, उदधी, जलधी, पयोधी हे पाचही बसतात, म्हणून थांबा. उभा १ त्याच पहिल्या घरातून खाली जातो: ‘सूर्याचा सारथी’, तीन घरं. अरुण. पहिलं घर ‘अ’ ठरलं आणि पाचांतला एकच उरला, ‘अर्णव’. तिसऱ्या घरात ‘व’ आला, तिथून उभा २ सुरू होतो: ‘झाडाच्या सालीचे वस्त्र’. आता ‘वल्कल’ सुचायला कष्ट नाहीत. उलट सुरुवातीलाच ‘सागर’ लिहिला असता तर उभ्या २ साठी ‘र’ने सुरू होणारं वस्त्र शोधत ऐरोली गाठली असतीत.

याच कोपऱ्यात चूक पकडायची युक्तीही आहे. ‘अरुण’चा शेवट ‘ण’ने होतो. मराठीत ‘ण’ने किंवा ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे त्या घरातून एखादा आडवा शब्द सुरू होत असेल तर ‘अरुण’ चुकलाय हे संकेत न वाचताही सांगता येतं. तसंच रफार असलेलं अक्षर: र्ण, र्म, र्य यांनी शब्द सुरू होऊच शकत नाही. ‘त्त’, ‘क्क’, ‘ल्ल’ अशी द्वित्तं किंवा ‘ल्क’सारखं अक्षरही आरंभी येत नाही. ज्या घरात क्रमांक छापलाय तिथून काहीतरी सुरू होतं, म्हणून भरलेलं प्रत्येक क्रमांकाचं घर या चाळणीतून काढा. अडलेल्या कोड्यातला चुकीचा शब्द पुष्कळदा इथेच हाती लागतो.

दुसरी चाळणी शब्दाच्या शेवटाची. मराठी शुद्धलेखनाच्या मान्य नियमांत (१९६२ साली १४ आणि १९७२ साली आणखी ४) शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो: कवी, गुरू, शक्ती. अपवाद ‘आणि’, ‘नि’ आणि परंतु, तथापि, यथामति यांसारखी संस्कृत अव्ययं. त्यामुळे शब्दाच्या शेवटच्या घरात ‘ति’ किंवा ‘रु’ असं ऱ्हस्व आलं की छेदणारा शब्द तपासा. यातून एक फायदाही निघतो. एका शब्दाचं शेवटचं घर दुसऱ्याचं पहिलं घर असतं, तिथे काटेकोर रचनाकार दीर्घ अक्षराने सुरू होणारा शब्दच घेतो. ‘प्रगती’च्या ‘ती’खाली ‘तिमिर’ बसवता येत नाही, ‘तीर’ येतो, ‘तीव्र’ येतो. अशा जोडावर नीर, दीन, कीर, वीज, भीती, पूर, भूल असे शब्द आधी मनात आणा.

आता खरं सांगायचं तर सगळे रचनाकार काटेकोर नसतात. काही जण जुन्या वळणाने ‘रवि’, ‘कवि’ लिहितात, काही ऱ्हस्व-दीर्घ एकच धरतात, काही अनुस्वारही सोडून देतात. तुमच्या पेपरातला माणूस कोणत्या पंथाचा, हे कळायला आदल्या दोन-तीन दिवसांची छापील उत्तरं बघा आणि छेदाची घरं तपासा. एकदा कळलं की पुढे तोच हिशेब चालतो, कारण कोडं रचणाऱ्याच्या सवयी लवकर सुटत नाहीत. माझ्या मते ऱ्हस्व-दीर्घ न पाळणारं कोडं हे आळशी कोडं, पण सोडवायचं तर तेही आहेच.

‘ल’ आणि ‘ळ’ हा आणखी एक धागा. छेदातून ‘ळ’ मिळाला तर संस्कृत रूप बाजूला ठेवा आणि मराठी रूप घ्या: कमल नव्हे कमळ, जल नव्हे जळ. ‘ल’ आला तर उलट.

उलटसुलट शब्दांच्या संकेतात (‘उलट केल्यास गरीब होणारी जलवाहिनी’ वगैरे) अक्षर मात्रेसकट उलटतं हे ध्यानात ठेवा. ‘नदी’ उलटली की ‘दीन’. ‘कनक’, ‘नयन’, ‘जलज’, ‘नवजीवन’ दोन्हीकडून सारखेच. इंग्रजी गूढ कोड्यातल्या सुटी अक्षरं विस्कटायच्या युक्त्या इथे आणू नका, त्या आपल्या लिपीत चालत नाहीत.

शब्दसंपत्ती खरोखर तोकडी पडते ती एका ठिकाणी: जुनं घर आणि शेती. खारघरच्या बाराव्या मजल्यावर वाढलेल्या मुलाला बैलाच्या नाकातली दोरी म्हणजे ‘वेसण’, मडक्यांची चळत म्हणजे ‘उतरंड’, धान्य साठवायची ‘कणगी’, छपरावरून गळणारी ‘पागोळी’ कुठून माहीत असणार? खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला ‘खाजण’ म्हणतात हेही, रोज ऐरोलीजवळून जाऊनही, माहीत नसतं. दुसरा गठ्ठा दरबारी शब्दांचा: रयत, खलिता, मसलत, तगाई, मजकूर. हे दोन गठ्ठे मुद्दाम जमवा, बाकीचं सूत्रांवर निभतं.

भूगोलात घरं मोजणं पुरतं. ‘ठाणे जिल्ह्यातील तालुका’ असा संकेत आला तर १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यापासून सातच उरलेत. दोन घरं: ठाणे. तीन: कल्याण किंवा भिवंडी. चार: मुरबाड किंवा शहापूर. पाच: अंबरनाथ. सहा: उल्हासनगर. एखादं जुनं कोडं पुन्हा छापलं असेल तर वसई, वाडा, डहाणू, जव्हारही डोकावतात.

वही ठेवणार असाल तर ती अर्थानुसार लावा. ‘समुद्र’ला एक पान, ‘भांडण’ला एक पान, आणि प्रत्येक पानावर दोन घरांचे, तीन घरांचे, चार घरांचे असे रकाने. अआइई क्रमाची वही कोड्यासाठी निकामी, कारण शब्दाचं पहिलं अक्षर माहीत असतं तर अडलंच नसतं. कोशांचीही हीच अडचण. त्यावर तोड म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७). तो नेटवर फुकट आहे आणि त्यात इंग्रजी अर्थावरून शोध घेता येतो. जुने, ग्रामीण शब्द तिथे भरपूर सापडतात. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) खात्री करायला उत्तम. तो ग्रंथालयात बसून पाहा. ठाण्यात उतरताच आहात तर १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. पण कोश कोडं सोडवून झाल्यावर उघडा. मध्येच उघडलात तर छेदावरून ओळखायची सवय लागत नाही.

हत्यार म्हणाल तर २बी पेन्सिल. बॉलपेनने खोडलेलं घर परत वाचता येत नाही आणि एचबीचं कडक टोक दमट पेपर फाडतं, पावसाळ्यात तर हमखास. पेपरची चौपदरी घडी करून खाली पुठ्ठा घ्या. शंकेचं अक्षर घराच्या कोपऱ्यात बारीक लिहा, पक्कं झालं की मध्ये मोठं.

आणि सगळ्या चाळण्या लावूनही एखादा कोपरा जुळत नसेल, म्हणजे दोन्ही बाजूंचे शब्द तुम्हाला शंभर टक्के पक्के वाटतात पण सामाईक घरात दोन वेगळी अक्षरं येतात, तर आधी संकेतांचे क्रमांक चौकटीशी ताडून पाहा. क्रमांक चुकणं, एखादं काळं घर पांढरं छापलं जाणं, कालचेच संकेत आज येणं असं अधूनमधून घडतं. चौकटीत क्रमांक आहे पण आडव्या-उभ्या कुठल्याच यादीत तो नाही, किंवा उलट, अशी एक जरी जागा सापडली तरी त्या दिवशीचा तो कोपरा सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशीचं उत्तर बघा.