हिमवर्षावातील वायपर : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

उत्तरेकडील देशांत थंडी उतरू लागली की तिकडे स्थायिक झालेल्या वाचकांच्या पत्रांत वायपरचा विषय हमखास असतो. त्यांतील चार पत्रे आणि नाशिकहून आलेले एक, अशा पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही पुण्याहून येथे आलो. गाडी रात्री उघड्यावर असते आणि रोज हायवेने जावे लागते. दुकानात साधे फ्रेमचे, फ्रेमलेस आणि ‘विंटर’ असे तीन प्रकारचे ब्लेड दाखवतात. कोणते घ्यावे? (मिसिसागा, कॅनडा)

उत्तर : साध्या ब्लेडमध्ये धातूचा सांगाडा असतो आणि त्याच्या सांध्यांमुळे रबर काचेच्या बाकानुसार वळते. पावसात ही रचना उत्तम चालते, म्हणूनच पुण्यात आपल्याला कधी अडचण आली नसेल. हिमात मात्र हेच सांधे आड येतात. ओले हिम त्यांत शिरून गोठते, सांगाडा ताठ होतो आणि रबराचा काही भाग काचेवरून उचलला जातो. मग नेमका चालकाच्या डोळ्यांसमोरचा पट्टा पुसला जात नाही.

‘विंटर’ ब्लेड म्हणजे हाच सांगाडा, पण वरून रबरी आवरण चढवलेला, त्यामुळे सांध्यांत हिम शिरत नाही. मात्र हे ब्लेड जड आणि जाड असते. हायवेवर वेग वाढला की वारा त्याला उचलू पाहतो, आणि आवरणाला एखादी चीर पडली तर आत गेलेले पाणी तेथेच गोठून त्याची अवस्था साध्या ब्लेडपेक्षाही वाईट होते. शिवाय वसंत ऋतू आला की ते काढून ठेवावे लागते.

फ्रेमलेस ब्लेडला सांधेच नसतात. रबराच्या पाठीशी बाकदार पोलादी पट्टी असते, ती सर्व लांबीवर सारखा दाब देते, आणि ठेंगण्या बांध्यामुळे ते वाऱ्याला फारसे दाद देत नाही. रोज हायवेने जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी चांगल्या प्रतीचे फ्रेमलेसच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील बफेलोसारख्या ठिकाणी, जेथे सरोवरावरून आलेले हिम तासन्‌तास दाट पडत राहते आणि गाड्या संथपणे चालतात, तेथे ‘विंटर’ ब्लेडचा खर्च सार्थकी लागतो.

फ्रेमलेस घेताना एक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी. ब्लेड बसवल्यावर त्याची दोन्ही टोके काचेला टेकतात की नाही, हे खाली वाकून बाजूने पाहावे. त्याचा बाक आपल्या काचेशी जुळत नसेल, तर कितीही महागाचे असले तरी कडेला न पुसलेली पट्टी राहणारच, तेव्हा दुसऱ्या कंपनीचे लावून पाहावे.

प्रश्न : नवीन ब्लेड असूनही कडाक्याच्या थंडीत वायपर थरथरत चालतो आणि काचेवर पट्टे उमटतात. सिलिकॉनचे ब्लेड बरेच महाग आहे, ते घेण्यात अर्थ आहे का? (मिनिआपोलिस, अमेरिका)

उत्तर : वायपर चालू असताना रबराची खालची पातळ कड नीट पाहिली, तर तो डावीकडे जाताना ती उजवीकडे झुकलेली दिसते आणि परतताना उलट बाजूला कलते. कड अशी मागून ओढली गेली तरच पाणी स्वच्छ निपटते. उणे २० अंशांच्या आसपास नैसर्गिक रबर ताठरते आणि कड वेळेवर कलत नाही. ती ओढली जाण्याऐवजी पुढे ढकलली जाते, अडखळत उड्या घेते, आणि आपण सांगता ती थरथर सुरू होते. सिलिकॉन अशा थंडीतही लवचीक राहते आणि उन्हाने लवकर तडकत नाही. मिनेसोटासारख्या थंड राज्यात राहणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते.

मात्र खर्च करण्यापूर्वी काच तपासावी. कार-वॉशमधील मेणाचा थर किंवा बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा पांढुरका लेप काचेवर असेल, तर सिलिकॉनही थरथरेल. काच चांगली धुऊन घ्यावी, मग कापडावर हिवाळी वॉशर फ्लुइड (काच धुण्याचा, थंडीत न गोठणारा द्रव) घेऊन रबराची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत, कापडावर काळे उमटेनासे होईपर्यंत पुसावी. मिठाच्या दिवसांत हे आठवड्यातून एकदा करावे. एवढे करूनही थरथर केवळ एकाच दिशेला जाताना होत असेल, तर दोष बहुधा ब्लेडचा नसून ते धरणाऱ्या, पिळलेल्या दांड्याचा असतो.

प्रश्न : मूळ ब्लेडपेक्षा एक-दोन इंच लांब घेतले तर काच जास्त पुसली जाईल का? (कॅलगरी, कॅनडा)

उत्तर : घेऊ नये. चालकाच्या आणि शेजारच्या बाजूची मापे बहुतेक गाड्यांत वेगळी असतात, उदाहरणार्थ २६ आणि १८ इंच, आणि ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असतात. लांब ब्लेड दुसऱ्यावर आदळते किंवा काचेच्या चौकटीवर चढते.

प्रश्न : सकाळी वायपर काचेला चिकटून गोठलेले असतात. शेजारी रात्री ते उभे करून ठेवतात. तसे करावे का? कोमट पाणी ओतलेले चालेल का? (श्टुटगार्ट, जर्मनी)

उत्तर : पाणी कोमटही ओतू नये. काचेचा बाहेरचा पृष्ठभाग एकदम प्रसरण पावतो, आतला थंडच राहतो, आणि खड्याने पडलेल्या बारीकशा टवक्यापासून तडा आरपार धावू शकतो. शिवाय तेच पाणी थोड्या वेळाने वायपरच्या बुडाशी गोठते. जर्मनीत उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास मनाई आहे आणि काचेत डोकावण्यापुरते भोक खरवडून निघणेही नियमाला धरून नाही. तेव्हा प्लॅस्टिकचा स्क्रेपर आणि बर्फ वितळवणारा अल्कोहोलयुक्त डी-आयसर फवारा जवळ ठेवावा. रात्री काचेवर आच्छादन घातले, तर बरेचसे कष्ट मुळातच वाचतात.

वायपर उभे ठेवल्याने कड चिकटत नाही हे खरे, पण वारा सुटला तर दांडा काचेवर जोरात आपटू शकतो. त्यामुळे वारा पडलेला असेल आणि पाऊस गोठण्याची चिन्हे असतील, तेव्हाच ते उभे करावेत. अनेक गाड्यांत वायपर बोनेटच्या कडेखाली विसावतात. ते ओढून उचलू नयेत, आधी सर्व्हिस पोझिशनमध्ये, म्हणजे वायपर काचेवर वर येऊन थांबतात त्या स्थितीत, आणावेत.

चिकटलेला वायपर कधीही चालू करू नये. केवळ फ्यूज उडाला तर थोडक्यात निभावले म्हणायचे, एरवी दांड्याच्या बुडाचे दाते झिजतात किंवा मोटर जळते. यासाठी रात्री इंजिन बंद करण्यापूर्वी वायपरचा खटका बंद असल्याची खात्री करावी. पावसाचा सेन्सर असेल तर त्याची स्वयंचलित व्यवस्था विशेष लक्ष देऊन बंद करावी, नाहीतर सकाळी किल्ली फिरवताच गोठलेला वायपर आपोआप धडपडू लागतो. फवारा मारून बर्फ सुटू द्यावा आणि मगच दांडा हळूच उचलावा. घाईने ओढल्यास कडेला नखाएवढी खाच पडते, आणि त्या खाचेच्या रेषेत काच कायमची ओली राहते.

प्रश्न : डिसेंबरअखेर स्वतःच्या गाडीने मनालीला आणि अटल बोगद्यातून सिस्सूला जाणार आहोत. जूनमध्ये वायपर बदलले होते. ‘विंटर’ ब्लेड घ्यावे का? (नाशिक)

उत्तर : काही दिवसांच्या प्रवासासाठी तशी गरज नाही. पण जूनचे ब्लेड सबंध पावसाळा आणि त्यानंतरची धूळ सोसून आलेले आहे. कडेवरून बोट फिरवून पाहा, ती खरखरीत किंवा कडक लागली तर निघण्यापूर्वी नवे फ्रेमलेस लावा.

त्याहून महत्त्वाचे आहे ते वॉशरच्या टाकीतील पाणी. आपल्याकडे बहुतेक जण नळाचे पाणी आणि थोडा शॅम्पू घालतात. सिस्सू ३,००० मीटरहून उंचावर आहे. तेथे डिसेंबरच्या रात्री हे पाणी गोठते, फवारा बंद पडतो, आणि टाकी किंवा पंप तडकण्याचा धोका असतो. शून्याखाली किती अंशांपर्यंत गोठत नाही, हे वेष्टनावर लिहिलेले वॉशर फ्लुइड निघण्यापूर्वीच विकत घ्यावे. टाकीतील पाणी फवारून संपवावे, मग ते भरावे आणि नळीतील उरलेले पाणी निघून जाईपर्यंत पुन्हा फवारावे. अशा द्रवात अनेकदा मिथेनॉल हे विष असते, म्हणून बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. कूलंट मात्र टाकीत मुळीच घालू नये, त्याने काचेवर तेलकट थर बसतो आणि समोरून येणाऱ्या दिव्यांत काहीच दिसेनासे होते. योग्य फ्लुइड मिळाले नाही तर टाकी रिकामीच ठेवावी आणि काच कापडाने पुसावी.

काढलेले ब्लेड फेकू नये, डिकीत ठेवावे. वाटेत नवे फाटले तर आपल्या मापाचे तेथे मिळेलच असे नाही.